मातीतला पैलवान लंडनच्या गादीवर अडखळला, पण चार वर्षांनी ऑलिम्पिकचं पदक घेऊनच गोळेश्वरला आला

पुण्याहून कोल्हापूरला जाताना कराड ओलांडलं की लगेच मलकापूर लागतं. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दुकानं, दवाखाने, हॉटेलं आणि गाड्यांची वर्दळ. कराड कुठं संपलं आणि मलकापूर कुठं सुरू झालं, हे बाहेरच्या माणसाला कळतसुद्धा नाही. याच कराड-मलकापूरच्या शेजारी गोळेश्वर नावाचं गाव आहे.

स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातलं पहिलं ऑलिम्पिक पदक मिळालं ते या गोळेश्वरच्या पैलवानामुळं. त्यांचं नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

हे नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. १९५२, हेलसिंकी आणि कांस्यपदक एवढं पाठ असतं. पण त्याआधी चार वर्षं खाशाबा लंडनला जाऊन रिकाम्या हातानं परत आले होते, हे फार कमी जणांना माहीत असतं. तिथं त्यांची ताकद किंवा डाव कमी पडले नव्हते. ज्या पृष्ठभागावर कुस्ती व्हायची, त्याचीच त्यांना सवय नव्हती.

लाल मातीत वाढलेला हा पैलवान गादीवरची कुस्ती कसा शिकला आणि ते पदक घरी आणण्यासाठी कुणी काय काय पणाला लावलं, त्याची ही गोष्ट.

घरातच आखाडा

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. मुलगा पाच वर्षांचा झाला तसं वडिलांनी त्याला मातीत उतरवलं.

तेव्हाच्या सातारा-कोल्हापूर पट्ट्यात यात काही विशेष नव्हतं. गावोगावी तालीम असायची, जत्रा म्हटलं की कुस्त्यांचा फड ठरलेला. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय दिला होता. परदेश दौऱ्यात रोमचं जुनं क्रीडागार बघून आल्यावर त्यांनी खासबागेचं मैदान बांधायला घेतलं आणि १९१२ मध्ये ते खुलं झालं. देशभरातले मल्ल तिथं येऊन लढायचे. त्यामुळं कराडच्या आसपासच्या पोराला पैलवान व्हायचं म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर कोल्हापूरच यायचं.

खाशाबांचं शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झालं. ते शाळेत असतानाच १९४२ ची चळवळ पेटली. सातारा जिल्हा म्हणजे प्रतिसरकारचा जिल्हा. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणं, पत्रकं पोचवणं अशी कामं खाशाबांनीही केली.

शाळा संपल्यावर ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. बाबुराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांचं मार्गदर्शन त्यांना मिळालं.

अंगानं बारीक म्हणून नाव घेईनात

पैलवान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं येतो तो अंगानं आडवा, रुंद मानेचा माणूस. खाशाबा तसे नव्हते. उंची साधारण साडेपाच फूट, वजन पन्नास-बावन्न किलोच्या आसपास. कपडे घातले की हा पोरगा कुस्ती खेळतो असं कुणाला वाटायचं नाही.

कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत नाव द्यायला गेले तेव्हा हेच आडवं आलं. ही तब्येत बघून क्रीडाशिक्षक त्यांना खेळवायला तयार होईनात. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य होते बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. त्यांनी परवानगी दिली. मग खाशाबा मैदानात उतरले आणि त्यांच्याहून दांडगे मल्ल एकामागून एक पाठीवर पडत गेले.

त्या दिवसापासून खर्डेकरांनी या पोराला कायमचं लक्षात ठेवलं. हे नाव पुढंही येणार आहे.

खाशाबांचा ठेवणीतला डाव होता ढाक. समोरच्याची मान बगलेत जखडायची, अंग वळवायचं आणि आपल्या कमरेवरून त्याला उचलून आपटायचं. ढाक नीट बसली की समोरचा थेट पाठीवर येतो, कुस्ती तिथंच संपते. लहान चणीच्या मल्लाच्या हातात हे मोठंच हत्यार होतं, कारण त्यात नुसत्या जोरापेक्षा वेग आणि वेळ साधणं महत्त्वाचं.

लंडनला पोचल्यावर काय झालं?

१९४८ ला लंडनमध्ये ऑलिम्पिक भरलं. स्वतंत्र देश म्हणून भारताचं हे पहिलंच ऑलिम्पिक. खाशाबांची निवड झाली, पण प्रवासखर्चाचा प्रश्न होताच. कोल्हापूरच्या छत्रपतींनी मदत केली आणि बावीस वर्षांचे खाशाबा लंडनला पोचले.

तिथं लाल माती नव्हतीच. पायात बूट घालून गादीवर, म्हणजे ज्याला आपण मॅट म्हणतो त्यावर, लढायचं होतं.

आता टीव्हीवर बघणाऱ्याला वाटेल, माती काय आणि मॅट काय, कुस्ती ती कुस्तीच. पण दोन्हीकडं लढलेला कुठलाही मल्ल सांगेल की हे जवळजवळ दोन वेगळे खेळ आहेत.

आखाड्याची माती नुसती माती नसते. ती चाळून घेतात, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू असं काय काय मिसळतात. ती मऊ असते, पाय तिच्यात रुततो. घामानं अंग निसटायला लागलं की मूठभर माती अंगावर टाकली की पकड परत बसते. खाली पडलं तरी माती झेलून घेते.

शिवाय मातीतल्या जुन्या कुस्तीला घड्याळाची घाई नसायची. दोन मल्ल एकमेकांचा अंदाज घेत, खडाखडी करत बराच वेळ काढायचे. दोन तगडे मल्ल भिडले तर कुस्ती लांबतच जायची. शेवटी कोण चित झालं, एवढाच निकाल.

गादीवर हे सगळं उलटं होतं. पाय रुतत नाही, उलट बुटाला धरून पटकन हलता येतं, त्यामुळं वेग कितीतरी वाढतो. घामेजलेलं अंग धरायला माती नसते. आखलेल्या जागेच्या बाहेर जाऊन चालत नाही. त्या काळात लढतीला पंधरा मिनिटांची मर्यादा होती. तेवढ्यात कुणी चित झालं नाही, तर तीन पंच आपापला कौल देणार आणि ज्याच्या बाजूनं दोन कौल पडतील तो जिंकणार. म्हणजे नुसतं टिकून राहून भागत नाही, आपण वरचढ आहोत हे पंचांना दिसेल असं खेळावं लागतं.

खाशाबा तोवर मातीतच लढले होते. आंतरराष्ट्रीय नियमांशीही त्यांची नीट ओळख नव्हती. इंग्लंडमध्ये त्यांना रीस गार्डनर नावाचे अमेरिकन प्रशिक्षक भेटले. ते स्वतः नावाजलेले मल्ल होते. स्पर्धेच्या तोंडावर जेवढा वेळ होता, तेवढ्यात त्यांनी खाशाबांकडून गादीवरची तयारी करून घेतली.

खाशाबा फ्लायवेट म्हणजे ५२ किलो गटात उतरले. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला त्यांनी काही मिनिटांतच हरवलं. अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही हरवलं. बघणारे चकित झाले. पण पुढं इराणच्या मन्सूर रईसीपुढं त्यांचं काही चाललं नाही. शेवटी खाशाबा सहावे आले.

जगात सहावा नंबर ही काही छोटी गोष्ट नव्हे. तोपर्यंत कुठल्याही भारतीय मल्लानं या वजनात एवढी मजल मारली नव्हती. पण खाशाबांना लंडनमध्ये नेमकं कळलं होतं की आपण कशात कमी पडलो.

जिथं अडतं, तिथंच सराव

खेळात असं बऱ्याचदा होतं. सगळं जमत असतं आणि एकाच जागी घोडं अडतं.

कुस्तीपासून फार लांबच्या गोल्फचं एक उदाहरण इथं अगदी बरोबर बसतं. गोल्फच्या मैदानावर हिरवळीत मधेच वाळूचे खड्डे असतात, त्यांना बंकर म्हणतात. चेंडू त्यात पडला की भलेभले घाबरतात. जुन्या काठ्यांचं धारदार पातं वाळूत रुतून बसायचं आणि चेंडू जागचा हलायचा नाही.

अमेरिकेचा जीन सॅराझन १९२२ मध्येच अमेरिकन ओपन जिंकलेला मोठा खेळाडू होता, पण बंकर हे त्याचं दुखणं होतं. १९३१ च्या हिवाळ्यात त्यानं एका काठीच्या पात्याच्या बुडाला जादा धातूचा थर जोडला. त्यामुळं पातं वाळूत रुतायच्या ऐवजी वाळूवरून घसरत पुढं जायला लागलं. मग चेंडूला थेट मारायचंच नाही, चेंडूच्या थोडं मागं वाळूत मारायचं आणि वाळूसकट चेंडू बाहेर उडवायचा, हे तंत्र त्यानं तासन्‌तास बंकरमध्ये उभं राहून घटवलं. १९३२ मध्ये त्यानं ब्रिटिश ओपन आणि अमेरिकन ओपन या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. आज प्रत्येक गोल्फपटूच्या पिशवीत असणारी सँड वेज ही काठी त्याच घराण्यातली.

सॅराझनकडं निदान वाळूचे खड्डे तरी होते. आपल्याकडं त्या काळी कुस्तीच्या गाद्याच दुर्मीळ होत्या. गावागावात तालीम होती, पण तिथं मातीच. स्पर्धा, जत्रा, बक्षिसाचे फड, सगळं मातीतलं. म्हणजे हिरवळीवर खेळून बंकरची तयारी करण्यासारखाच हा प्रकार होता.

तरीही खाशाबांनी पुढची चार वर्षं हेलसिंकीसाठी घातली. दमसास वाढवणं, सुरुवातीपासून आक्रमक खेळणं, घड्याळ डोक्यात ठेवून लढणं यावर भर द्यायला हवा होता, हे लंडननं शिकवलं होतं. मधल्या काळात त्यांचं वजनही वाढलं आणि ते फ्लायवेटमधून बँटमवेट म्हणजे ५७ किलो गटात आले. एक वजनगट वर जाणं म्हणजे समोरचे मल्लही पाच किलोंनी जड. त्या हिशेबानं ताकदही कमवावी लागणार होती.

इथं ढाकेचा उपयोग आणखी वाढला, कारण त्या काळच्या ऑलिम्पिक कुस्तीत गुण मिळवायचे नसत, टाळायचे असत. समोरच्याला चितपट केलं की तुमच्या नावावर एकही दंडगुण लागत नसे. पंचांच्या कौलावर जिंकलात तर जिंकूनही एक दंडगुण लागायचा. हरलात तर त्याहून जास्त. पाच दंडगुण झाले की स्पर्धेतून बाहेर. म्हणजे जो झटपट चितपट करेल तो जास्त काळ टिकणार. मातीत जन्मभर चितपट करायलाच शिकलेल्या मल्लाला हा नियम फायद्याचाच होता. फक्त ती चितपट पंधरा मिनिटांच्या आत आणि गादीवर करायची होती.

निवडीची कुस्ती वेगळीच

१९५२ उजाडलं. तयारी झाली होती, पण हेलसिंकीच्या आधी निवडीचा आखाडा पार करायचा होता.

खाशाबांनी लखनौमध्ये निरंजन दास या नावाजलेल्या मल्लाला हरवलेलं होतं. तरी मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत ते एका गुणानं मागं राहिले आणि संघातून नाव गळण्याची वेळ आली. आपल्यावर अन्याय झाला, असं खाशाबांचं म्हणणं होतं. गप्प बसून राहिले असते तर गोष्ट तिथंच संपली असती.

त्यांनी दाद मागितली ती पतियाळाचे महाराज यादविंद्र सिंग यांच्याकडं. महाराज त्या वेळी भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि स्वतः खेळाडूही होते. त्यांनी पुन्हा चाचणी घ्यायला लावली. खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चितपट केलं आणि हेलसिंकीचं तिकीट पक्कं केलं.

पण तिकीट पक्कं झालं ते फक्त कागदावर. खऱ्या तिकिटाला पैसे लागतात आणि ते खाशाबांकडं नव्हते.

खर्डेकर सरांनी घर गहाण टाकलं

तेव्हा खेळाडूंना परदेशी पाठवायची जबाबदारी सरकार उचलायचं असं नव्हतं. खाशाबा आणि त्यांचे हितचिंतक मदतीसाठी दारोदार फिरले. सरकारकडं अर्ज केला, पण वेळेवर मदत मिळाली नाही.

गोळेश्वर आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली. ज्याला जे जमेल ते त्यानं दिलं. शेतकऱ्यांचं गाव, रोख पैसा कुणाकडंच फारसा नव्हता. तरीही माणसं पुढं आली, कारण हा त्यांच्या डोळ्यांदेखत मोठा झालेला पोरगा होता.

तरी रक्कम भरेना. तेव्हा पुढं आले प्राचार्य खर्डेकर. त्यांनी स्वतःचं राहतं घर बँकेकडं गहाण ठेवलं आणि ७,००० रुपये उभे करून खाशाबांच्या हातात ठेवले.

१९५२ मधले सात हजार म्हणजे किती, याचा अंदाज यावा म्हणून सांगायचं तर शेकड्यात पगार असणारी नोकरी तेव्हा चांगली समजली जायची. पदक येईल याची कुणालाच खात्री नव्हती. नुकताच सहावा आलेला मल्ल पुन्हा सहावा येऊ शकत होता, पहिल्याच फेरीत बाहेरही पडू शकत होता. तसं झालं असतं तर कर्ज फेडायचं कसं, हा प्रश्न खाशाबांपुढंही होता आणि खर्डेकरांपुढंही.

म्हणजे खाशाबा हेलसिंकीला निघाले तेव्हा देशाच्या नावाबरोबर आपल्या सरांचं घरही सोबत घेऊन निघाले होते.

हेलसिंकी, जुलै १९५२

कोल्हापूरचेच केशव मानगावे हेही या ऑलिम्पिकमध्ये भारताकडून कुस्तीत उतरले होते. म्हणजे कोल्हापूरच्या मातीतले दोन मल्ल एकाच वेळी फिनलंडच्या गादीवर होते.

खाशाबांची पहिली लढत कॅनडाच्या अॅड्रियन पोलिकिनशी झाली. खाशाबांनी त्याला चितपट केलं. पुढं मेक्सिकोचा लिओनार्दो बासुर्तो आला. तोही चितपट. दोन कुस्त्या आणि दंडगुण शून्य.

जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झनं मात्र खाशाबांचा कस लावला. तो चितपट होईना. लढत पंचांच्या कौलावर गेली आणि २-१ अशा फरकानं खाशाबा जिंकले. चार वर्षांपूर्वीचे खाशाबा ही लढत हरले असते असं म्हणायला जागा आहे, कारण इथं डावापेक्षा गादीवर पूर्ण वेळ कसं खेळायचं याचीच परीक्षा होती.

त्यानंतर समोर आला जपानचा शोहाची इशी. या इशीची गोष्टही बघण्यासारखी आहे. तो मुळात ज्युदोचा माणूस. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी अंमलाखालच्या जपानमध्ये ज्युदोवर बंधनं आली, तसा तो कुस्तीकडं वळला. म्हणजे त्या गादीवर एकमेकांना भिडलेले दोघंही मूळचे दुसऱ्याच पृष्ठभागावर वाढलेले होते. ही लढत प्रदीर्घ चालली, दोघांनीही सगळा दम लावला आणि शेवटी इशी वरचढ ठरला. त्या वर्षी जपाननं जिंकलेलं एकमेव सुवर्णपदक याच इशीचं.

खरी गडबड झाली ती यानंतर. एवढी मोठी लढत संपवून खाशाबा बाहेर येतात तोच त्यांना लगेच पुढच्या लढतीसाठी बोलावणं आलं. प्रतिस्पर्धी होता सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेयोव्ह. नियमानुसार दोन लढतींमध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण हे पंचांना ठणकावून सांगायला तिथं एकही भारतीय पदाधिकारी हजर नव्हता. खाशाबांना भाषेची अडचण, अंगात दम उरलेला नाही. ते तसेच गादीवर गेले आणि हरले.

ताज्या दमाचे खाशाबा मामेदबेयोव्हला भारी पडले असते का, हे आता कुणीच सांगू शकत नाही. पण तो अर्धा तास त्यांच्या हक्काचा होता आणि तो त्यांना मिळाला नाही, एवढं खरं. इशीला सुवर्ण, मामेदबेयोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळालं.

तारीख होती २३ जुलै १९५२. त्या ऑलिम्पिकमध्ये भारताला दोनच पदकं मिळाली. एक हॉकी संघाचं सुवर्ण आणि दुसरं हे कांस्य. याआधी १९०० मध्ये पॅरिसला नॉर्मन प्रिचर्डनं धावण्यात दोन रौप्यपदकं मिळवली होती, पण तो इंग्रजी अमलाचा काळ. स्वतंत्र भारतातून एकट्याच्या बळावर पदक जिंकणारे खाशाबा पहिलेच.

बैलगाड्यांची मिरवणूक आणि सरांचं कर्ज

खाशाबा परतले तेव्हा कराडला माणसांचा पूर लोटला. शंभराहून जास्त बैलगाड्या सजवून आणलेल्या होत्या. ढोल-ताशे, गुलाल, फटाके. एरवी कराडहून गोळेश्वरला पोचायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ त्या दिवशी लागला. जिथं तिथं लोक मिरवणूक थांबवत होते. ज्यांनी वर्गणीत चार पैसे घातले होते, ते सगळे त्या पदकाचे वाटेकरीच होते.

पण खाशाबांच्या डोक्यात दुसरा हिशेब चालला होता. सरांचं घर अजून बँकेकडं होतं.

त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं. ऑलिम्पिकवीर स्वतः लढणार म्हटल्यावर गर्दीला तोटा नव्हता. खाशाबा परत लाल मातीत उतरले, कुस्त्या मारल्या, आणि त्यातून उभा राहिलेला पैसा खर्डेकरांच्या हाती ठेवला. घर सुटलं.

गादीवर जिंकलेल्या पदकाचं कर्ज अशा रीतीनं मातीतल्या कुस्तीनं फेडलं.

नंतरची बत्तीस वर्षं

आज ऑलिम्पिक पदक जिंकलं की कोट्यवधींची बक्षिसं आणि मोठ्या हुद्द्याची नोकरी मिळते. खाशाबांना यातलं काही मिळालं नाही. पदकानंतर तीन वर्षांनी, १९५५ मध्ये, ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. खात्यातल्या स्पर्धा जिंकल्या, पोलिसांना खेळाचं प्रशिक्षण दिलं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकची संधी गुडघ्याच्या दुखापतीनं हुकली.

जवळपास सत्तावीस वर्षं नोकरी करून ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठीही त्यांना झगडावं लागलं. १९८२ मध्ये दिल्लीत आशियाई खेळ झाले, तेव्हा मशाल घेऊन धावणाऱ्यांत त्यांना मान मिळाला. जिवंतपणी देशपातळीवर झालेला त्यांचा मोठा सन्मान म्हणायचा तर हाच. ना अर्जुन पुरस्कार मिळाला, ना पद्म पुरस्कार.

१४ ऑगस्ट १९८४ ला रस्ता अपघातात खाशाबांचं निधन झालं. वय होतं अठ्ठावन्न.

दरम्यान त्यांच्यामागून वैयक्तिक पदक जिंकणारं कुणी येतच नव्हतं. दर चार वर्षांनी ऑलिम्पिक यायचं आणि जायचं. शेवटी १९९६ मध्ये अटलांटाला लिएंडर पेसनं टेनिसमध्ये कांस्य मिळवलं, म्हणजे तब्बल ४४ वर्षांनी. कुस्तीतलं पुढचं पदक यायला तर २००८ उजाडावं लागलं. बीजिंगला सुशील कुमारनं ते आणलं, ५६ वर्षांनी. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळायला २०२४ चं पॅरिस लागलं. तिथं नेमबाजीत कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसळेही कोल्हापूर जिल्ह्यातलाच. मधे ७२ वर्षं गेली होती.

मरणोत्तर मात्र आठवण होत राहिली. महाराष्ट्र सरकारनं छत्रपती पुरस्कार दिला, केंद्रानं २००० सालचा अर्जुन पुरस्कार दिला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी दिल्लीत उभारलेल्या कुस्ती संकुलाला त्यांचं नाव मिळालं. १५ जानेवारी २०२३ ला गुगलनं त्यांच्या जयंतीनिमित्त डूडल केलं. आता त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

माती आणि गादी

महाराष्ट्र केसरी बघणाऱ्यांना एक गोष्ट माहीत असते. या स्पर्धेत माती विभाग आणि गादी विभाग असे दोन वेगळे विभाग असतात. मातीतला विजेता आणि गादीवरचा विजेता शेवटी एकमेकांना भिडतात आणि त्यातून महाराष्ट्र केसरी ठरतो. आज पश्चिम महाराष्ट्रातल्या बऱ्याच तालमींत एका बाजूला लाल माती आणि दुसऱ्या बाजूला गादी दिसते. पोरं सकाळी एकीकडं घाम गाळतात, संध्याकाळी दुसरीकडं.

खाशाबांच्या वेळी ही सोय नव्हती. मातीत राजा असलेला मल्ल गादीवर गेल्यावर नवखा ठरतो, हे त्यांना लंडनला जाऊन, हरून कळलं होतं. तेव्हा गावच्या मैदानात वाहवा मिळवत राहणं त्यांना सोपं होतं. जत्रेतल्या कुस्त्या मारल्या असत्या तर पैसेही बरे मिळाले असते. त्याऐवजी त्यांनी चार वर्षं त्याच गोष्टीत घातली, जी त्यांना येत नव्हती.

पुढच्या वेळी महामार्गावरून कोल्हापूरकडं जाल तेव्हा मलकापुराजवळ गाडी थोडी हळू करा. ज्या रस्त्यावरून एकदा बैलगाड्यांची मिरवणूक गेली होती, ते गोळेश्वर तिथून अगदी जवळ आहे.